बटणावरचा माणूस

चाळीस वर्षं तांबं मठारलं, त्यात दोन्ही कान गेले.
डोळे शाबूत. म्हणून
वाघुळदे मॅडमनी मलाच घेतलं,
रोज साडेतीनशे रुपये, चहा दोनदा,
आणि ताब्यात एक लाल बटण.
काम एवढंच: वर बघायचं.
विमानाचा दिवा लुकलुकला
की दाबायचं.
वैमानिकाचे डोळे, लोटनभाऊ,
तुमच्या अंगठ्याखाली आहेत,
असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं.

सोनगीरच्या किल्ल्यामागं, शाळेच्या पटांगणात
पांढरा कंटेनर, छपराला ताटलीएवढं भोक.
पौषातली थंडी, अमावास्येची आदली रात्र,
आणि आज पहिल्यांदाच प्रयोग गावासमोर.
सरपंचांना खुर्ची, पोरांना सतरंजी,
भजीवाला शब्बीरसुद्धा गॅस बारीक करून उभा.

मॅडमनी चावी फिरवली.

आवाज झाला असेल तर मला ठाऊक नाही.
मी पाहिली ती एक हिरवी सळई,
भट्टीतून काढल्यासारखी, पण थंड,
कंटेनरमधून निघाली ती किल्ल्याच्या वर,
धुरकटाच्या वर,
थेट कृत्तिकांच्या कुशीत.
खालच्या टप्प्यात तिच्यात कण नाचत होते:
जिनिंगचा कापूस, जाळलेल्या पऱ्हाट्या,
हायवेवरचे ट्रक,
माझ्या भट्टीचाही असेल चिमूटभर कोळसा.
मॅडम सांगतात, प्रत्येक कण थोडा उजेड परत धाडतो,
त्याला यायला किती वेळ लागला त्यावरून उंची कळते.
यात नवं काय?
ठोका मारायचा, आणि परत येणाऱ्या नादावरून
पत्र्याची जाडी ओळखायची.
मीही ओळखायचो,
नाद येत होता तोवर.

ओठ वाचता येतात मला. अहिराणीतले जास्त बरे.
भिलाटीतली रंजू उठून उभी राहिली:
"हाई कोठे सरस, मॅडम?"
मॅडम म्हणाल्या, संपत नाही.
आपल्याला दिसायची थांबते.

मग अनेरच्या धरणाकडून काहीतरी आलं.
विमान नव्हतं. दिवा नव्हता.
काळोखाचाच एक तुकडा सरकत होता,
चांदण्या ओळीनं विझत होत्या, पेटत होत्या.
पहिला करकोचा सळईत शिरला,
पोटाखालून हिरवा झाला,
मान लांब, पाय मागं,
आणि गडबडला,
झोपेत माणूस पायरी चुकतो तसा.

मी दाबलं.

चारशे तोंडं माझ्याकडे वळली, अंधारात.
"काय व्हयनं?"
"बंद कसाले पडनं?"
सरपंचांचे ओठही हलले,
तो शब्द इथं लिहीत नाही.
मग सगळ्यांच्या माना एकदमच वर गेल्या.
रंजूनं नंतर हाताची चोच करून सांगितलं,
आवाज येत होता, खूप, आभायभर.
मला नाही आला.
मी मनातल्या मनात हातोडीचे ठोके मोजत होतो.
चाळीस झाले तेव्हा कृत्तिका पुन्हा पुऱ्या दिसल्या
आणि अंगठा उचलला.

नोंदवहीत रकाने तीन:
विमान, ढग, वीज गेली.
मॅडमनी पेन बराच वेळ नुसतं धरलं.
मग समासात लिहिलं,
करकोचे, अंदाजे साठ,
आणि खाली माझं नाव, पूर्ण,
लोटन झिपरू कासार.
आलेखात तेवढी एक पांढरी पट्टी राहिली,
वरपासून खालपर्यंत, बिनधुळीची.
धूळ होतीच म्हणा.
विचारणारा तेवढा वेळ गप्प होता.

परवा एक घागर मठारताना
गळ्याखाली बोटभर पट्टी कोरी ठेवली.
गिऱ्हाईक धुळ्याचं. त्यानं घागर फिरवली,
अंगठा नेमका तिथंच टेकवला.
ओठ म्हणाले, इथं राहिलंय,
पन्नास कमी करा.

केले.